उंबरठ्यातला गंज

मराठीत गंज हा शब्द आपण लोखंडापेक्षा माणसांसंबंधानेच अधिक वापरतो. बुद्धीस गंज चढतो, हातास चढतो, रियाज सुटला की गळ्यासही चढतो. प्रस्तुत लेखात मात्र आम्हांस असल्या अलंकारिक गंजाविषयी काही सांगावयाचे नाही. आमचा गंज खरोखरीचा आहे, तांबूस आहे, बोटास लागतो, धुतलेल्या धोतरासही लागतो, आणि गेल्या माघ महिन्यापासून तो आमच्या अंगणात चार चाकांवर उभा आहे.

ही चार चाके म्हणजे १९६० सालची फियाट अकराशे. ज्या वाचकांनी साठी ओलांडली आहे त्यांस 'डुक्कर फियाट' एवढे म्हटले की पुरे. तिची गोल पाठ, फुगीर गाल आणि पुढे आलेले नाक डोळ्यांसमोर उभे राहील. नाव ग्राम्य आहे खरे, पण ते ठेवणारांनी लाडानेच ठेवले असले पाहिजे. हिचे मूळ घराणे इटलीतील तुरीनचे. १९५३ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात ती प्रथम जगापुढे आली, आणि वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९५४ पासून आपल्याकडे निघू लागली. गियरचा दांडा सुकाणूच्या खांबाशी, आणि पुढची दारे मधल्या खांबाला टांगलेली, म्हणजे आजच्या दारांच्या उलट उघडणारी. लुगडे नेसलेल्या बाईस ह्या दारातून आत बसणे किती सोईचे होते हे आमच्या काकू अजून सांगतात. हिची धाकटी बहीण पद्मिनी. तिचे उत्पादन २००० सालच्या सुमारास थांबले आणि मुंबईच्या रस्त्यांवरून तिच्या काळ्या-पिवळ्या टॅक्स्या २०२३ च्या ऑक्टोबरअखेर गेल्या. तेव्हा वर्तमानपत्रांतून हळहळ झाली. डुक्कर फियाटीसाठी असे कोणी हळहळले नाही. ती कधी गेली हे कोणाच्या ध्यानातही आले नाही.

आमच्या तीर्थरूपांपाशी १९६४ पासून चौदा वर्षे अशीच एक गाडी होती. आमचे थोरले बंधू, ज्यांस घरात लहानथोर सर्व 'अण्णा' म्हणतात, ते तिच्यावरच मोटार हाकावयास शिकले. अण्णांस आता एकोणऐंशी वर्षे झाली. आयुष्यात त्यांनी स्वतःसाठी काही मागितल्याचे आम्हांस स्मरत नाही. म्हणून 'पुन्हा एकदा ती गाडी दारात असावी' असे ते गेल्या दिवाळीत बोलून गेले, तेव्हा घरातील कोणासही नाही म्हणवले नाही. शोधता शोधता रत्नागिरीकडे समुद्रकाठच्या एका गावी एक गाडी मिळाली. जांभ्या दगडाच्या पडवीत ती बावीस वर्षे उभी होती. आंबा घाटाने मालमोटारीच्या पाठीवर बसून ती पुण्यास आली.

गंज आहे हे विकणाऱ्या गृहस्थांनी लपविले नाही, आणि आम्हीही तो पाहूनच किंमत ठरविली. समुद्राचा खारा वारा आणि वर्षास तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस जेथे पडतो तेथे पत्र्याची वस्तू बावीस वर्षे निष्कलंक राहावी अशी अपेक्षा करणे वेडेपणाचे झाले असते. प्रश्न होता तो गंज आहे की नाही हा नव्हे. किती आहे, कोठे आहे, आणि ज्या ठिकाणी आहे त्या ठिकाणच्या पत्र्यावर गाडीचे काय अवलंबून आहे, हा होता. ह्या तीन प्रश्नांपैकी तिसराच खरा महत्त्वाचा, आणि तोच लोक सहसा विचारीत नाहीत.

गंज म्हणजे काय हे शाळेत आपण सर्वांनी घोकलेले आहे. लोखंड खाणीतून निघते तेच मुळी प्राणवायूशी जखडलेल्या स्थितीत. भट्टीत कोळशाच्या आचेवर माणूस त्यांची ताटातूट करतो. परंतु संधी मिळताच लोखंड पुन्हा त्या मूळ घरी परतू पाहते. गंज हे एक प्रकारे लोखंडाचे माहेरी जाणेच होय. त्यास पाणी आणि हवा दोन्ही लागतात, आणि पाण्यात मीठ असेल तर प्रवास फार झपाट्याने होतो. आमच्या स्वयंपाकघरात हे शास्त्र पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. कैरी चिरून झाल्यावर विळीचे पाते तसेच ठेवले तर सकाळपर्यंत काय होते, आणि लोखंडी तवा घासून पुसून तेलाचा हात लावून का ठेवावयाचा, हे कोणत्याही गृहिणीस विचारावे.

मात्र एक गोष्ट स्वयंपाकघरात सहसा दिसत नाही. गंज हा मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो, आणि तो सच्छिद्र असतो. अॅल्युमिनियमवरही हवेने एक पापुद्रा धरतो, परंतु तो इतका घट्ट असतो की खालच्या धातूचे रक्षणच करतो. गंजाचे तसे नाही. तो फुगतो, वरचा रंग उचलतो, स्पंजासारखा ओलावा धरून ठेवतो आणि आपल्याखालचे लोखंड पोखरीत जातो. म्हणून रंगावर हरभऱ्याएवढा फोड दिसला तर आत रुपयाएवढे क्षेत्र गेलेले असते. अपवाद दिल्लीच्या लोहस्तंभाचा. कुतुबमिनाराच्या आवारातील तो स्तंभ सुमारे सोळाशे वर्षांचा, आणि उघड्यावर उभा. तरी गंजून गेलेला नाही. कानपूरच्या आय. आय. टी.तील प्राध्यापक आर. बालसुब्रमण्यम यांनी त्याचा पुष्कळ अभ्यास केला. जुन्या भट्ट्यांतील त्या लोखंडात फॉस्फरसचा अंश आजच्या पोलादाहून बराच अधिक आहे, आणि त्यामुळे त्याच्या अंगावर एक चिवट संरक्षक पापुद्रा जमून बसला आहे, असा त्याचा उलगडा आहे. आमच्या फियाटीचा पत्रा मात्र साध्या पोलादाचा, जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा. त्यास सोळाशे वर्षे कोठली?

परीक्षेसाठी एक रविवार मुक्रर केला. आमचा पुतण्या यंत्रशास्त्राचा पदवीधर. तो प्रमुख परीक्षक. हत्यारे पाहून बायकामंडळींस हसू आले, कारण त्यांत एक विजेरी, एक हातआरसा, एक बोथट स्क्रू-ड्रायव्हर, एक लाकडी मूठ आणि शीतकपाटाच्या दारावरून उचललेले एक चुंबक, एवढेच होते. चुंबकास त्याने मलमलीचा तुकडा गुंडाळला, म्हणजे रंगावर ओरखडा उमटू नये. हे चुंबक गाडीच्या अंगावरून हळूहळू फिरवावयाचे. खाली पत्रा असेल तेथे ते ओढ घेते. जेथे पत्र्याच्या जागी पुट्टी, म्हणजे कारागीर जिला लांबी म्हणतात ती, जाड भरलेली असेल तेथे ते हातातून सुटून पडते. मागच्या उजव्या मडगार्डावर तळहाताएवढ्या जागेत ते तीनदा पडले. रंग तेथे इतका गुळगुळीत होता की नुसत्या डोळ्यांस संशय आला नसता.

दुसरी परीक्षा कानाची. माठ घेताना आपण बोटाने वाजवून पाहतो. खणखणीत आवाज आला तर घेतो, बद्द आला तर खाली ठेवतो. गाडीचा पत्राही असाच बोलतो. ह्या परीक्षेत आमच्या काकूंनी पुतण्यास मागे टाकले. डोळ्यांस कमी दिसत असल्यामुळे त्या वाकून, मूठ हळू आपटीत दारापासून दारापर्यंत गेल्या आणि म्हणाल्या, "इथपासून इथपर्यंत मडके फुटकं आहे रे." त्यांनी दाखविलेली जागा डाव्या दारांच्या खाली होती. चुंबक लावले तेव्हा जवळजवळ दोन फूट लांब ते कोठेच धरीना.

तिसरी परीक्षा अधिक निष्ठुर. आतील चटया आणि त्यांखालचे तागाचे अस्तर काढले, तेव्हा बंद तळघरासारखा ओला वास आला. विजेरीच्या उजेडात तळाचा पत्रा पाहिला. कोठे नुसती तांबूस रज होती. ती बोटाने पुसली जाते, खाली पत्रा शाबूत असतो आणि तारेचा ब्रश व प्रायमर एवढ्याने भागते. कोठे पापुद्रे सुटले होते. तेथे पत्रा देवी आलेल्या चेहऱ्यासारखा खड्ड्याखड्ड्यांचा झाला होता. आणि चालकाच्या टाचेखाली स्क्रू-ड्रायव्हर जरा दाबताच आरपार गेला व अंगणातली फरशी दिसू लागली. लहान मुलांना ह्याची फार मौज वाटली. अण्णा काही बोलले नाहीत.

दारांच्या तळाशी काय झाले होते तेही सांगितले पाहिजे, कारण ते बहुतेक सर्व जुन्या गाड्यांत होते आणि फुकट टळण्यासारखे असते. खिडकीची काच दारात वरखाली होते तेथे फट असते. पावसाचे पाणी त्या फटीतून दारात जाणारच. ते जाऊ नये अशी रचनाच नसते. ते गेल्यावर बाहेर पडावे म्हणून दाराच्या खालच्या काठास लहान भोके ठेवलेली असतात. आमच्या गाडीच्या चारही दारांची ही भोके माती आणि आंब्याच्या कुजलेल्या पानांनी बुजली होती. म्हणजे प्रत्येक पावसाळ्यात दाराचा तळ हौदासारखा भरे आणि मग महिनोन्‌महिने सुकत राही. चारपाच काड्यांचे काम कोणी बावीस वर्षे केले नाही, आणि तेवढ्यासाठी चार दारे तळाशी कुजली.

आता त्या डाव्या बाजूच्या दोन फुटांविषयी. दारांच्या खाली गाडीच्या लांबीने जी पोकळ पेटी जाते तिला कारखान्यात सिल म्हणतात. आम्ही तिला उंबरठा म्हणू, कारण पाय ठेवून आत जावयाचे ते तिच्यावरूनच. फार जुन्या मोटारींस खाली पोलादी सांगाडा असे आणि वर पेटी बसविलेली असे, जशी बैलगाडीच्या साट्यावर तट्ट्याची पेटी. तशा गाडीत वरचा पत्रा गंजला तर शोभा जाते, जीव जात नाही. डुक्कर फियाटीस असा वेगळा सांगाडा नाही. तिचा पत्राच तिचा सांगाडा. नारळाच्या करवंटीस आत वासे नसतात, तिचे बळ तिच्या गोलाईत असते. तसाच हा प्रकार. ह्या रचनेत उंबरठे म्हणजे घराची तुळई. तेथील गंज म्हणजे रंगाचा प्रश्न नव्हे.

पुतण्याने शेवटी गाडी मध्यावर जॅक लावून जपून जराशी उचलली आणि डावे मागचे दार उघडून लावण्यास सांगितले. जमिनीवर असताना जे दार सुरळीत लागत होते ते आता खांबाला घासू लागले. म्हणजे उचलताच गाडी मध्ये मोडत होती. कोणास जुनी गाडी घ्यावयाची असेल त्याने दुसरे काही नाही तरी एवढे अवश्य करून पाहावे. विकणारा कुरकुर करील, करू द्यावी.

ह्यानंतर जे घडले त्यास आमच्या घरात अद्याप 'लांबीचे भांडण' म्हणतात. वैशाखात अण्णांच्या नातीचे लग्न ठरलेले होते, आणि ह्याच गाडीतून तिची पाठवणी करावी हा अण्णांचा मनोमन संकल्प होता. शहरातील एका झगमगीत गॅरेजवाल्याने चाळीस हजारांत आणि तीन आठवड्यांत गाडी 'शोरूमसारखी' करून देण्याचे कबूल केले. म्हणजे काय, तर उंबरठ्यात जाळी कोंबून वरून लांबी भरावयाची, घासावयाची, आणि मूळच्या फिक्या हिरव्या रंगाचे तीन हात द्यावयाचे. दुसरीकडे शहराबाहेर एक वयस्क डेंटर आहेत, सर्व त्यांना उस्ताद म्हणतात. ते गाडीखाली अर्धा तास पडून राहिले आणि बाहेर येऊन म्हणाले, की दोन्ही उंबरठे कापावे लागतील, तळही कापावा लागेल, खर्च दीड लाखाच्या पुढे जाईल, आणि वैशाखाचे वचन मी देत नाही.

घरात दोन तट पडले. आमचे धाकटे बंधू हिशेबी. त्यांचे म्हणणे असे, की गाडीने जावयाचे मंगल कार्यालयापासून वराच्या घरापर्यंत, अंतर सहा मैल, वेग बैलगाडीचा. तेवढ्यासाठी आता रंगवून घ्यावी आणि खरे काम पुढे सवडीने करावे. ह्या म्हणण्यात तथ्य नव्हते असे नाही. परंतु लांबी भरून रंगविलेल्या गाडीचे खरे काम पुढे कोणी करीत नाही, हेही तितकेच खरे. रंग चकचकीत झाला की डोळ्यांतून गंज निघून जातो आणि पत्र्यात मात्र राहतो. लांबी ही वस्तू वाईट नव्हे. शाबूत पत्र्यावर, एकदोन मिलिमीटरांच्या थरात, ठोकाठोकीचे उंचसखलपण मिटविण्यासाठीच ती निर्माण झाली आहे. पण भोकावर ती लावली की मागच्या बाजूने ओलावा पिते, आणि आतल्या आत गंजास आयता आडोसा मिळतो.

अण्णा दोन दिवस गप्प होते. त्यांच्या मनात काय चालले असेल ते आम्ही सर्व जाणत होतो. एकोणऐंशीव्या वर्षी 'पुढल्या वर्षी करू' ह्या शब्दांचा अर्थ निराळा असतो. अखेर जेवणाच्या पानावरून वहिनींनीच विषय काढला. त्या म्हणाल्या, "लांबीच्या भरवशावर मी नातीला बसवायची का? तेवढंच मला कोणीतरी सांगा." त्यावर कोणी काही सांगितले नाही. अण्णांनी भात कालविला आणि म्हणाले, "उस्तादांना उद्या फोन करा. उघडा म्हणावं."

उघडली. डाव्या उंबरठ्याचा बाहेरील पत्रा कापून दूर केला तेव्हा आत जे निघाले ते पाहण्यास आसपासचे कारागीरही गोळा झाले. पूर्वी कोणीतरी, किती वर्षांपूर्वी देव जाणे, खाद्यतेलाचा डबा कापून त्याचा पत्रा आतून रिबेटांनी बसविला होता आणि त्यावर डांबर ओतले होते. डब्यावरील सूर्यफूल अजून ओळखू येत होते. डांबराच्या मागे मूठ मूठ गंज साठला होता, काळ्या तपकिरीसारखा. आमच्या सोबत आलेले धाकटे बंधू ते सूर्यफूल बराच वेळ पाहत राहिले, आणि परतताना गाडीभाड्याचे पैसे त्यांनी आपल्या खिशातून दिले.

उस्तादांची कामाची रीत आम्ही जवळ बसून पाहिली, ती थोडक्यात सांगतो. प्रथम बॅटरी सोडविली आणि पेट्रोलची टाकी उतरवून दूर नेली, कारण पुढे ठिणग्या उडावयाच्या होत्या. मग गाडी सपाट फरशीवर चार पोलादी घोड्यांवर ठेवली. उंबरठा कापण्यापूर्वी दाराच्या चौकटीत आडवे-तिरपे लोखंडी बार तात्पुरते जोडले. तुळई काढण्याआधी सुतार वाड्यास टेकू देतो, त्यातलाच हा भाग. हे न करता उंबरठा कापला तर गाडी बसते, आणि मग नवा पत्रा कितीही सुबक जोडला तरी दारे पुन्हा जन्मात नीट लागत नाहीत. दोन्ही बाजू एकदम उघडावयाच्या नाहीत. डावी पुरी झाल्याखेरीज उजवीस हात लावावयाचा नाही.

मग कापणे. येथेच कारागिराची परीक्षा असते. गंज दिसतो तेवढाच पत्रा कापला तर टाका घालावयास कड उरत नाही. कुजक्या कापडास ठिगळ लावले की ठिगळाच्या कडेने फाटते, हे शिवणकाम जाणणाऱ्या वाचकभगिनींस सांगावयास नको. म्हणून चकचकीत, पुऱ्या जाडीचा पत्रा लागेपर्यंत कापीत जावे लागते. उस्ताद दर दोन बोटांवर थांबत, घासून पाहत, कडेवर नख वाजवीत आणि आणखी कापीत. अण्णा तेथे खुर्चीवर बसलेले असत. प्रत्येक वेळी पत्र्याचा तुकडा जमिनीवर पडला की ते विचारीत, "झालं?" आणि उस्ताद म्हणत, "अजून नाही, साहेब. अजून मऊ आहे."

नवा पत्रा १८ गेजाचा घेतला, म्हणजे सव्वा मिलिमीटराच्या आत. त्याची घडी जुन्या उंबरठ्याच्या उजव्या शाबूत भागावरून पुठ्ठ्याचा नमुना कापून बेतली. जोडकाम सीओटू वेल्डिंगने केले. पूर्वीच्या गॅस वेल्डिंगने पातळ पत्रा लांबवर तापतो आणि पापडासारखा वाकतो. सीओटूनेही सलग रेघ ओढावयाची नसते. येथे एक टाका, मग वीतभर दूर दुसरा, मग मध्ये तिसरा, असे थंड होऊ देत देत, आधी कच्ची शिवण आणि मग पक्की. दोन पत्रे एकमेकांवर येतात त्या जागी जोडण्यापूर्वी जस्ताचा प्रायमर लावला, कारण जोडल्यानंतर तेथे ब्रश पोहोचत नाही आणि पुढचा गंज नेमका अशाच सांध्यांत सुरू होतो. सांध्यांवरून मग सीलरची वात घातली.

जो गंज कापण्याइतका खोल नव्हता आणि घासूनही खड्ड्यांतून पुरता निघत नव्हता, त्यावर उस्तादांनी एक पातळ औषध लावले. काही तासांत तांबूस जागा काळीभोर झाली. पुतण्याने सांगितले, की ह्या औषधांत फॉस्फरिक आम्ल आणि टॅनिन असते. त्यांनी गंजाचे स्थिर काळ्या क्षारात रूपांतर होते. हे ऐकून काकू म्हणाल्या, "मग ही शाईच की!" आणि ते अक्षरशः खरे आहे. हिरडा उकळून त्याच्या पाण्यात हिराकस घालून जी काळी शाई पूर्वी घरोघर करीत, तिच्यातही हिरड्याचे टॅनिन आणि हिराकसातील लोखंड ह्यांचाच संयोग होतो. आमच्या घरातील जुन्या पोथ्यांची अक्षरे ज्या रसायनाने काळी झाली त्याच जातीचे रसायन डुक्कर फियाटीच्या तळास लागले आहे. मात्र हे औषध म्हणजे कापण्यास पर्याय नव्हे. भुसभुशीत गंजावर ओतून निश्चिंत होणारे लोक पैसे वाया घालवितात.

बिजागऱ्या, बैठकीच्या सळ्या असले सुटे भाग आम्ही घरीच साफ केले. साखर कारखान्यातून मळी आणून तिच्या नऊपट पाण्यात कालवून त्या पिंपात ते भाग दोन आठवडे बुडवून ठेवले. गंज सुटतो, लोखंडास इजा होत नाही. वास मात्र असा सुटतो, की पिंप परसात अगदी शेवटच्या कोपऱ्यास हलवावे लागले. अॅल्युमिनियमचे भाग त्यात टाकू नयेत, ते खाल्ले जातात. आणखी एक सूचना लेकुरवाळ्या घरांसाठी: जुन्या गाडीचा रंग कोरडा घासू नये. त्या काळच्या रंगांत पुष्कळदा शिसे असे. ती धूळ श्वासावाटे मुलांच्या पोटात जाणे फार वाईट. पाणी लावून घासावे, तोंडास मास्क बांधावा, आणि मुलांस त्या दिवशी मामाकडे धाडावे.

असे करता करता वैशाख आला. डावी बाजू पुरी झाली होती, उजवी उघडी होती आणि गाडी घोड्यांवर होती. नातीची पाठवणी भाड्याच्या गाडीतून झाली. अण्णांनी त्याविषयी चकार शब्द काढला नाही. पण अक्षता पडल्यानंतर ते थोडा वेळ कार्यालयाच्या मागल्या अंगणात एकटे जाऊन उभे राहिले, हे आम्ही पाहिले.

एकंदर खर्च एक लाख ब्याऐंशी हजार झाला, आणि त्यात रंग धरलेला नाही. कित्येक स्नेही विचारतात, की एवढा पत्रा बदलल्यावर ही गाडी जुनी कशी म्हणावी? विलायतेतील काटेकोर लोक तर 'व्हिंटेज' हे नाव १९१९ ते १९३० पर्यंतच्याच गाड्यांस देतात; त्या हिशेबाने आमची फियाट अगदी काल जन्मलेली. आपल्या सरकारने २०२१ साली केलेला नियम अधिक उदार आहे. पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात राखलेली गाडी ह्या वर्गात येते, तिला व्हीए अक्षरांची निराळी नोंदणी मिळते, पण मग ती रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. आमच्या गाडीची साधी नोंदणी चालू असल्यामुळे आम्ही त्या वाटेस गेलो नाही. मूळ रूपाविषयी आमचे मत एवढेच, की उस्तादांनी एकही घडी स्वतःच्या कल्पनेने घातलेली नाही. आणि तेलाच्या डब्याचे सूर्यफूल तरी कुर्ल्याचे कोठे होते?

पावसाळा तोंडाशी आल्यामुळे रंगकाम पुढे ढकलले. साधा प्रायमर ओलावा शोषतो, त्यावर पावसाळा काढणे धोक्याचे. म्हणून सर्वांगास राखाडी एपॉक्सी प्रायमर दिला, आणि उंबरठ्यांच्या व दारांच्या पोकळीत नळीने मेणाचा फवारा मारून घेतला. हे मेण सांध्यासांध्यांत झिरपते आणि बराच काळ मऊ राहते. तव्यास लावावयाच्या तेलाच्या हाताचेच हे मोठे रूप. गाडीवर प्लास्टिकचे आच्छादन घालावयाचे नाही असा पुतण्याचा कडक हुकूम आहे; त्याखाली घाम धरतो. वर पत्र्याचे छप्पर आणि चारी बाजूंनी वारा, एवढेच तिला पाहिजे.

श्रावणात नात पहिल्या मंगळागौरीस माहेरी आली, तेव्हा तिला आणावयास अण्णा शिवाजीनगर स्थानकावर त्या राखाडी गाडीतूनच गेले. गाडी त्यांनी स्वतः हाकली. येताना संचेतीच्या चौकाशी मोठी सर आली, वायपर अर्ध्यातच थांबला, आणि ते पंधरा मिनिटे रस्त्याच्या कडेस बोलत बसले. घरी पोहोचल्यावर नात उतरली, तिने दार लावले; ते एका बोटाने लागले. पुतण्या तोवर गुडघ्यांवर बसून दारांच्या तळाशी पाहत होता. भोकांतून पाणी थेंब थेंब फरशीवर गळत होते, वाटीभर तरी निघाले असेल. काकू पुसावयास फडके घेऊन आल्या, पण त्याने त्यांस पुसू दिले नाही. चारही दारांतून सारखे गळते की नाही हे त्यास आधी पाहावयाचे होते.